एका कुटुंबासाठी

त्या चर्चच्या महिला मंडळात कुणालाच कधी काही होत नसे. जे काही व्हायचं ते 'एका बहिणीला' व्हायचं. बुधवारी दुपारी बायका जमायच्या, गीत व्हायचं, मग अध्यक्षीणबाई चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, "प्रार्थनेसाठी कुणाच्या विनंत्या?" की झालं सुरू. एका बहिणीची सून उलट बोलते, तिच्यासाठी प्रार्थना करा. एका बहिणीच्या नवऱ्याची बाटली सुटत नाही, त्याच्यासाठी करा. ती बहीण तिथंच, विनंती सांगून नुकतीच खाली बसलेली असायची, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण कुणी भुवई वर करत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि देवाला काही कुणाचा पत्ता सांगावा लागत नाही, अशी सगळ्यांची समजूत होती.

बाळीच्या आईनं मात्र आजवर कधी एका बहिणीसाठीही काही मागितलं नव्हतं. ती मागच्या बाकावर बसायची, दुसऱ्यांच्या विनंत्यांना मनापासून आमेन म्हणायची आणि घरी जायची. बाळी तापानं गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. मोठी मुलगी हयात होती, शाळेत जात होती, आईच्या खांद्याला लागली होती. पण लोकांच्या तोंडी नाव बसलं ते धाकटीचंच. सुरुवातीला 'बाळीची आई' अशी हाक आली की तिच्या काळजात कळ यायची. पुढेपुढे तिला वाटायला लागलं, हाकेपुरती का होईना, पोर अजून जगात आहे. मग ती हाकेची वाटच बघू लागली.

नवऱ्याला सगळे बाइंडर म्हणत. छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम. छापून आलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, दुमडायचे, शिवायचे, पाठीला सरस लावायचा, पुठ्ठा चढवायचा. चर्चमधली गीतांची झाडून सगळी पुस्तकं त्यानं फुकटात बांधून दिली होती, आणि ती उघडली की अजूनही आधी सरसाचा वास यायचा. माणूस सरळ. इतका सरळ की कधीकधी बायकोला वाटायचं, जरा वाकला असता तर बरं झालं असतं. म्हणूनच लोकांनी त्याला पंच केलं होतं. पाळकसाहेबांच्या टेबलाभोवती बसून चर्चचे निर्णय घेणाऱ्या पाचांतला तो एक.

छापखाना बंद पडला नव्हता. बंद पडला असता तर निदान चार लोकांना कळलं असतं. तो आचके देत चालू होता. आठवड्यातले दोन दिवस काम, बाकीचे दिवस मालक म्हणायचा, बसा, आलं तर बघू. बाइंडर रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि बसून यायचा. त्या शर्टाची कॉलर विरली तेव्हा बायकोनं ती उसवून, उलटी करून पुन्हा शिवली होती, आणि अशी सफाईनं शिवली होती की अध्यक्षीणबाईंनी एकदा नवा शर्ट म्हणून कौतुक केलं. चहात दूध कमी होत होत चहा काळा झाला. मोठी शाळेतून आली की आधीच सांगायची, "मला भूक नाहीये फार." पोरीला खोटं बोलता येत नव्हतं, ती बापावर गेली होती.

आणि दशमांश चालूच होता. हातात पैसे आले की बाइंडर पहिल्यांदा दहावा भाग काढून ठेवायचा. पगार अर्ध्यावर आला तसा दशमांशही अर्ध्यावर आला, एवढंच. "त्याचं त्याला दिलं की आपलं तो बघतो," असं त्याचं म्हणणं. बाळीची आई त्यावर काही बोलत नसे. बघणाऱ्यानं एकदा येऊन चहाचा डबा बघून जावा, असं मात्र तिच्या मनात येई.

घरात हात न लावलेली अशी एकच चीज उरली होती. कपाटात, चादरींच्या मागे, बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात बाळीची एक चप्पल होती, जोडीतली दुसरी कधीच सापडली नाही, आणि चपलेखाली पैसे होते. ते पैसे कबरीचे.

चर्चचं कबरस्तान म्हणजे हातरुमालाएवढं. माणसं मरायची थांबत नाहीत आणि भिंत काही मागे सरकत नाही. म्हणून पंचांनी नियम केला होता. ठरावीक वर्षं झाली की कुटुंबानं पैसे भरून जागा पुढे चालू ठेवायची. नाही भरले तर क्रूस काढायचा आणि जागा दुसऱ्याला द्यायची. आधीचं माणूस तिथंच राहायचं, फक्त त्याच्यावर दुसरं येऊन झोपायचं, आणि नाव दुसऱ्याचं लागायचं. बाळीची मुदत या महिन्याच्या अखेरीला संपत होती. बाळीच्या आईनं पोटाला चिमटा काढून डबा भरत आणला होता, आणि नवऱ्याला बजावलं होतं, "घर गेलं तरी चालेल, डब्याला हात लावायचा नाही." तो म्हणाला होता, "नाही लावणार."

पण वाणी उधार देईनासा झाला, घरमालकानं दोनदा दार वाजवलं, आणि तिला दिवसरात्र तो डबा दिसायला लागला. तेव्हा एका बुधवारी, अध्यक्षीणबाईंचा चष्मा कपाळावर चढल्यावर, ती उठून उभी राहिली. 

"एका कुटुंबासाठी प्रार्थना करा," ती म्हणाली. "घरात येणारं थांबलंय. कुणाला सांगता येत नाही. जपून ठेवलेलं एकच काय ते आहे, ते मोडायची वेळ आलीय. ते मोडावं लागू नये, एवढंच मागणं आहे."

एवढं बोलून ती खाली बसली. तिच्या शेजारी रंगाऱ्याची बायको बसली होती. रंगारी गेल्या वर्षी शिडीवरून पडला आणि गेला; दोन लहान मुलं आहेत. तिनं डोळे मिटून घेतले होते आणि तिचे ओठ हलत होते.

निघताना अध्यक्षीणबाईंनी बाळीच्या आईचा हात धरला आणि दाबला. "समजलं हो मला," त्या हळूच म्हणाल्या. "तोंडानं काही बोलू नकोस. मी बघते."

बाळीच्या आईला तिथंच रडू आलं असतं. रस्ताभर तिला हलकं हलकं वाटत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि तरी ताक मिळायचं. असं नशीब कितीजणींचं असतं? तिनं देवाचे आभार मानले, आणि अध्यक्षीणबाईंबद्दल आजवर जे जे मनात आणलं होतं त्याची माफीही मागून टाकली.

रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी सांगितलं, मंडळीतलं एक कुटुंब अडचणीत आहे, नाव विचारू नका, हात आखडता घेऊ नका. खजिनदारानं थैली फिरवली. पंचांनी आधी टाकायचं आणि मग मंडळीनं, अशी पद्धत. बाइंडर पहिल्या बाकावर होता. त्यानं खिशातून घडी केलेलं काहीतरी काढून थैलीत टाकलं. मागच्या बाकावरून बाळीच्या आईनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, दशमांश असेल. थैली तिच्यापर्यंत आली तेव्हा तिनं मान खाली घालून ती पुढे दिली. आपल्याच ताटात आपणच काय वाढायचं?

अशी थैली पोचवायचीही एक रीत होती. दिवे लागायच्या वेळी दोन पंच जायचे, दार वाजवायचे, थैली हातात द्यायचे आणि एक शब्द न बोलता परतायचे. या हाताचं त्या हाताला कळता कामा नये. त्या संध्याकाळी बाइंडर शर्ट चढवून म्हणाला, "पंचांचं काम आहे, येतो जाऊन." तो गेल्यावर ती एकटीच हसली. स्वतःच्याच घरी थैली घेऊन येताना कसला ओशाळणार आहे बिचारा! तिनं खोली झाडली. टेबलावर धुतलेला कपडा अंथरला. मोठीला म्हणाली, "वेणी घाल गं नीट. कुणीतरी येणारंय."

"कोण?"

"येईल, तेव्हा बघशील."

दार वाजलं नाही, उघडलं. बाइंडर एकटा आला. हात रिकामे होते आणि चेहरा असा उजळला होता की कितीतरी महिन्यांत तिनं तो तसा पाहिला नव्हता.

"देऊन आलो," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. "सांगायचं नसतं, पण तुला सांगतो. रंगाऱ्याच्या बायकोला. दारातच मटकन खाली बसली बिचारी. मुलं आतून बघत होती. मला वाटलं, बघ, आपण अजून कुणाच्या तरी उपयोगी पडतो."

बाळीची आई टेबलाचा कपडा धरून उभी राहिली. मग तिला सगळं उलगडत गेलं. बाळीची आई स्वतःसाठी कधी मागत नाही, हे सगळ्या मंडळाला ठाऊक. तिच्या घरात पंच, पंचाच्या अंगावर कडक शर्ट. मग ती मागणार कुणासाठी? शेजारी बसलेल्या, लाजेनं तोंड न उघडणाऱ्या विधवेसाठी. अध्यक्षीणबाईंचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? कॉलर उलटवायला त्यांनी थोडंच सांगितलं होतं!

"तुम्ही टाकलंत थैलीत," ती म्हणाली. "काय टाकलंत?"

त्यानं कपाटाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यातच तिला उत्तर मिळालं.

"ऐक," तो घाईघाईनं म्हणाला. "पंचानं रिकामा हात कसा घालायचा थैलीत? आणि मालक म्हणालाय, शाळेच्या पुस्तकांचं मोठं काम येतंय. महिनाअखेरच्या आत डबा होता तसा भरतो. तिच्या पोरांच्या पोटात काही नाही, असं अध्यक्षीणबाईंनी पंचांना सांगितलं होतं. बाळी प्रभूजवळ आहे, तिला काय कमी आहे? जित्यांचं आधी बघायला नको?"

"जित्यांचंच बघत होते मी," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ते कुटुंब आपलं होतं, अहो. विनंती मी सांगितली होती. डबा मोडायला लागू नये म्हणून."

मोठी दारात वेणीचं टोक धरून उभी होती. बाइंडरनं शर्टाची वरची गुंडी काढली, परत लावली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला काय सांगायचं? तुम्हाला ठाऊक नव्हतं, घरात काय आहे ते?"

ठाऊक होतं. घरात काय नाही ते त्याला रोज जेवताना दिसत होतं. पण एक कुटुंब अडचणीत आहे असं कानावर आलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सगळी मंडळी आली, स्वतःचं घर तेवढं आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. बायकोला त्याचा राग आला, असा राग की लग्न झाल्यापासून कधी आला नव्हता. आणि त्या रागातच तिला दिसलं की तो टेबलावरचा कपडा फर्म्यासारखा दुमडत बसलाय, आणि मग तिला धड रागावताही येईना.

सकाळी ती रंगाऱ्याच्या बायकोकडे निघाली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं होतं: चूक झाली, सगळे नकोत, आमच्या घरातून आले तेवढे परत दे. पण ती कोपऱ्यावरच भेटली. हातात पिशवी, पिशवीत पाव आणि दूध. हिला बघताच तिनं पिशवी रस्त्यावर ठेवली आणि हिचे दोन्ही हात धरले.

"तुला कसं कळलं गं?" ती म्हणाली. "मी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. कालची रात्र संपली की घरमालक सामान बाहेर काढणार होता. मी मुलांना सांगून ठेवलं होतं, आजीकडे जायचंय म्हणून. आजी कुठली आता? तू उभी राहिलीस, एका कुटुंबासाठी म्हणालीस, आणि मी डोळे मिटून म्हटलं, देवा, हे माझंच चाललंय." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

बाळीच्या आईनं ठरवलेलं सगळं तसंच राहिलं. "दूध उन्हात ठेवू नकोस," एवढंच ती म्हणाली.

घरी येताना ती देवाशी मनात भांडली. तो ऐकत नाही असं म्हणायचीही सोय त्यानं ठेवली नव्हती. ऐकलं तर होतं. विनंती तिची, शब्द तिचे, आणि दार दुसरीचं. त्या दुसरीला घराबाहेर पडू दिलं नाही याबद्दल त्याला बोल तरी कसा लावायचा? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! त्या रात्री पहिल्यांदाच तिनं जेवणाआधीची प्रार्थना मोठीला करायला सांगितली.

शाळेच्या पुस्तकांचं काम आलं नाही. ते दुसऱ्या कुठल्या तरी छापखान्याला गेलं, आणि हा छापखाना आठवड्यातून एका दिवसावर आला. महिना संपत आला तशी बाळीची आई म्हणाली, "पाळकसाहेबांना भेटा. थोडी मुदत मागा. नाही म्हणणार नाहीत ते."

बाइंडर गेला आणि लगेच परत आला. "बोललो नाही," तो म्हणाला. "दारापर्यंत गेलो. मागे दूधवाल्यानं त्याच्या आईच्या कबरीसाठी अशीच मुदत मागितली होती. पाळकसाहेब द्यायला तयार होते. मीच म्हणालो, एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागेल. माझ्यामुळे नियमाच्या बाजूनं हात वर झाले सगळ्यांचे." तो भिंतीकडे बघत म्हणाला. "त्याच्या आईवर आज दुसरं माणूस आहे. आता माझ्या पोरीसाठी कुठल्या तोंडानं मागू?"

तिला वाटलं, तोंड नसेल तर माझं घेऊन जा. मी मागते, गुडघे टेकून मागते. ती चपला घालून निघालीही. पण पंचाच्या बायकोनं मागितलं की ते पंचानंच मागितलं. आणि का मागता म्हणून विचारलं की थैलीचं निघणार, थैलीचं निघालं की रंगाऱ्याच्या बायकोच्या कानावर जाणार, आणि तिच्या पोरांच्या तोंडातला पाव कडू होणार. ती उंबऱ्यापर्यंत गेली, थोडा वेळ उभी राहिली आणि चपला काढून आत आली.

मुदत संपली, आणि पुढच्याच आठवड्यात चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा वारला. भला माणूस, लहान मुलांना दोरी ओढू द्यायचा. बाळीही एकदा त्या दोरीला लोंबकळली होती. कबरस्तानाच्या राखणदारानं घरी येऊन, टोपी हातात घेऊन सांगितलं, "पंच, जागा तीच लागतेय. उद्या खणायला घेतो. क्रूस मी काढण्याआधी तुम्ही न्यावा, म्हणून आलो."

दुपारी दोघं गेली. क्रूस लाकडी, कमरेएवढाही नव्हता. पावसापाण्यानं पांढरा रंग उडाला होता, 'बाळी' ही अक्षरं अर्धी पुसली होती. बाइंडरनं तो हलवून हलवून वर काढला. बाळीच्या आईनं खड्ड्यात हातानं माती लोटली, सारखी केली, आणि मग तिथंच बसून राहिली. ती मोठ्यानं रडली. बाळी गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती, कारण त्या दिवशी परत यायला ही जागा तरी होती. बाइंडर क्रूस छातीशी धरून उभा होता. एकदा तो म्हणाला, "माझं चुकलं." ती म्हणाली, "हो." आणि मग हात पुढे केला, आणि त्यानं तिला उठवलं.

परतताना कोपऱ्यावर पुन्हा रंगाऱ्याची बायको भेटली. धाकटं पोर कडेवर होतं, पाव चघळत. तिची नजर क्रूसावर गेली.

"अगंबाई, हा का काढला?"

बाइंडरनं तोंड उघडलं. आयुष्यात त्यानं कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि खरं काय ते त्याच्या जिभेवर आलंच होतं. बाळीच्या आईनं त्याच्या आधी उत्तर दिलं.

"रंग उडालाय ना," ती म्हणाली. "घरी नेतोय. रंग द्यायचाय."

बाइंडरनं तिच्याकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "फारच उडालाय."

"मग विकत कशाला आणताय रंग? यांचे डबे पडून आहेत माझ्याकडे. आणि यांच्या हाताखाली मीही बरंच शिकलेय म्हटलं. ही अक्षरं यांनीच काढली होती, आठवतं? पैसे घ्या म्हणालात तर केवढे रागावले होते. मी येते संध्याकाळी."

नको म्हणायला काही कारणच नव्हतं. ती आली, डबा आणि कुंचले घेऊन आली. खाली जुने कागद पसरले, क्रूस घासला, पांढरा रंग दिला. तो वाळेपर्यंत बसली, काळा चहा प्यायली, पोरांच्या गमती सांगितल्या. मग बारीक कुंचला घेऊन, नवऱ्यानं कधीकाळी काढलेल्या अक्षरांवरून तिनं हळूहळू काळा रंग फिरवला. तिचा हात स्थिर होता. मोठी तिच्याजवळ बसून बघत होती. बाइंडर खिडकीपाशी पाठमोरा उभा होता, आणि बाळीच्या आईला त्याचे खांदे दिसत होते.

"झालं," रंगाऱ्याची बायको म्हणाली आणि क्रूस भिंतीला टेकवून दोन पावलं मागे सरली. "किती दिवसांनी काहीतरी देता आलं मला. तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत माझ्यासाठी." तिनं कुंचला पुसला. "रविवारी उपासना झाली की जाते मी यांच्या कबरीवर. तेव्हा बाळीचाही बघेन, कसा दिसतो ते."

तिला आज ना उद्या कळणारच होतं. बाळीच्या आईनं भिंतीकडे पाहिलं. इतकं स्वच्छ, इतकं ठसठशीत नाव बाळीचं आजवर कधी दिसलं नव्हतं.

"या रविवारी नको," ती म्हणाली. "अजून नीट वाळू दे."